एका खाचेवर तोललेले इंजिन
जुन्या जग्वारचे कॅमशाफ्ट टायमिंग बसवताना कारागिराची कसोटी का लागते?

जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन नव्याने बांधण्याचे काम महिनोन्‌महिने चालते. ब्लॉक बोअर होऊन येतो, क्रँकशाफ्ट ग्राइंड होऊन येतो, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंग अशी जमवाजमव होते. खर्चाचा आकडा फुगत जातो आणि मालकाचा धीर सुटत जातो. हे सारे जुळून आल्यावर, काम जवळपास संपले असे वाटत असतानाच, एक टप्पा असा येतो की तेथे चुकीला माफी नसते. तो म्हणजे कॅमशाफ्टचे टायमिंग बसवणे. या टप्प्यावर पान्याचा एक फेरा चुकीच्या वेळी दिला गेला, तर नवेकोरे व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. विशेष म्हणजे तोपर्यंत इंजिन एकदाही सुरू झालेले नसते!

मोटारींच्या दुनियेत ज्या इंजिनांबद्दल ही भीती आदराने बोलून दाखवली जाते, त्यांत जग्वारच्या 'एक्सके' इंजिनाचा क्रमांक बराच वरचा आहे. एकामागे एक सहा सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि त्यांच्यावर चकाकणारी ॲल्युमिनियमची दोन लांबट झाकणे. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात 'ई-टाइप' ही मोटार झळकली, तेव्हा तिच्या लांबलचक बॉनेटखाली हेच इंजिन होते. आज जगभर ज्या ई-टाइप पुन्हा उभ्या केल्या जातात, त्यांतल्या बहुतेकींच्या कारागिरांना या दोन कॅमशाफ्टशी सामना करावाच लागतो.

आगीवर पहारा, कागदावर इंजिन

या इंजिनाची जन्मकथा दुसऱ्या महायुद्धातली आहे. कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमाने बॉम्ब टाकत होती. कारखान्यात आग लागल्यास ती तत्काळ लक्षात यावी म्हणून रात्री पहारा ठेवला जाई. कंपनीचे मालक विल्यम लायन्स, मुख्य अभियंता विल्यम हेन्स आणि त्यांचे सहकारी वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली हे पहाऱ्याच्या रात्री युद्धानंतरच्या इंजिनाची चर्चा करत बसत. सिलिंडर हेडच्या रचनेत हॅरी वेस्लेक यांचा मोठा वाटा होता. प्रायोगिक इंजिनांना 'एक्स' या अक्षराने सुरू होणारी नावे दिली गेली आणि त्या मालिकेत जे उत्पादनापर्यंत पोहोचले ते 'एक्सके'.

त्या काळी वर दोन कॅमशाफ्ट असणे ही शर्यतीच्या किंवा अतिशय महागड्या मोटारींची चैन होती. रचना गुंतागुंतीची, बनवायला खर्चिक आणि दुरुस्तीला अवघड, असा तिचा लौकिक होता. जग्वारने ती मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारींत आणली. १९४८ च्या लंडन प्रदर्शनात 'एक्सके १२०' या मोटारीतून हे इंजिन लोकांसमोर आले. ३,४४२ घनसेंटिमीटर क्षमता, ८३ मिलिमीटर बोअर आणि १०६ मिलिमीटर स्ट्रोक. पुढे ते ३.८ आणि ४.२ लिटरपर्यंत वाढले, पण त्या तिन्ही आकारांत १०६ मिलिमीटरचा स्ट्रोक कायम राहिला. १९५० च्या दशकात ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वारने पाच वेळा जिंकली, ती याच इंजिनाच्या जोरावर. ब्रिटिश लष्कराच्या 'स्कॉर्पियन' या हलक्या रणगाड्यातही त्याची वर्णी लागली. डेमलरच्या लांबलचक लिमोझिनमध्ये तर ते १९९२ पर्यंत बसवले जात होते. चव्वेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभलेली इंजिने थोडीच!

फुगवट्यांचा दांडा

कॅमशाफ्ट म्हणजे ठरावीक अंतरावर अंड्याच्या आकाराचे फुगवटे असलेला पोलादी दांडा. तो फिरू लागला की प्रत्येक फुगवटा आपल्याखालच्या व्हॉल्व्हला दाबून उघडतो आणि पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा बंद करते. एक्सके इंजिनात एक कॅमशाफ्ट हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारे सहा व्हॉल्व्ह सांभाळतो, तर दुसरा जळालेला वायू बाहेर सोडणारे सहा. पहिला इनलेटचा, दुसरा एक्झॉस्टचा.

इंजिनाचे चक्र चार स्ट्रोकचे असते. मिश्रण ओढायचे, दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा. यासाठी क्रँकशाफ्टला दोन फेरे घ्यावे लागतात, पण प्रत्येक व्हॉल्व्ह मात्र एकदाच उघडायचा असतो. त्यामुळे कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. एक्सके इंजिनात हे काम दोन टप्प्यांतल्या चेनने होते. खालची चेन क्रँकपासून मधल्या स्प्रॉकेटपर्यंत, तर वरची चेन तेथून दोन्ही कॅमशाफ्टपर्यंत जाते. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ४६ वेळा उघडतो आणि बंद होतो. इतक्या वेळा उघडझाप करताना तो नेमक्या क्षणी उघडला आणि मिटला पाहिजे, यातच सारे मर्म आहे.

हा 'नेमका क्षण' म्हणजे पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली पोहोचण्याचा क्षण असावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे नसते. ई-टाइपसाठी कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन वर पोहोचण्याच्या १७ अंश आधीच उघडू लागतो आणि पिस्टन तळाशी जाऊन परत फिरल्यावर ५९ अंशांनी बंद होतो. एक्झॉस्टचे गणित याच्या उलट. तळ येण्याच्या ५९ अंश आधी उघडायचे आणि माथ्यानंतर १७ अंशांनी मिटायचे. कारण वायूलाही वजन असते, त्यालाही हलायला आणि थांबायला वेळ लागतो. मुंबईच्या लोकलमधला प्रवासी आपले स्थानक येण्याआधीच दाराकडे सरकू लागतो, तसाच हा प्रकार. गाडी थांबल्यावर उठणाऱ्याला उतरायला मिळत नाही!

म्हणजेच माथ्याच्या आसपास ३४ अंश दोन्ही व्हॉल्व्ह थोडेथोडे उघडे असतात. बाहेर धावणारा धूर आपल्यामागे ताज्या मिश्रणाला ओढून घेतो. हा मेळ साधला की इंजिन मोकळा श्वास घेते. कॅमशाफ्ट काही अंशांनी मागे पडले, तर कमी वेगातली ओढ जाते आणि गाडी चढावर मरगळते. चेन झिजून लांबली की नेमके हेच होते. बारा-पंधरा अंश चुकले, तर आयडलिंग बिघडते आणि कार्बोरेटरशी कितीही खटपट केली तरी काही उपयोग होत नाही. चेनचा एकच दात चुकला, तरी क्रँकच्या मापाने वीस अंशांहून अधिक फरक पडतो.

मात्र ताकद कमी होणे ही सौम्य शिक्षा म्हणावी लागेल.

दोन प्रकारच्या टकरी

एक्सकेच्या सिलिंडर हेडमध्ये ज्वलनाची जागा अर्धगोलाकार आहे. इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह समोरासमोर तिरके बसवलेले आहेत. या रचनेमुळे मोठे व्हॉल्व्ह वापरता आले आणि वायूला वाट मोकळी मिळाली. ई-टाइपमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की तीन अष्टमांश इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर खाली उतरतो. या सोयीची किंमत दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागते. चुकीच्या वेळी उघडलेला व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनला धडकू शकतो, ही पहिली टक्कर. दुसरी टक्कर अनेकांच्या ध्यानीमनीही नसते. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी बरेच उघडले, तर ते एकमेकांनाच धडकतात. त्यासाठी पिस्टनची गरजच नाही. हेड टेबलावर असतानाही हा अपघात घडू शकतो.

त्यामुळेच टेबलावर व्हॉल्व्ह आणि कॅम यांच्यातली फट मोजताना एका वेळी एकच कॅमशाफ्ट बसवायचा, असा कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकाचा दंडक आहे. दुसरा दंडकही तितकाच महत्त्वाचा. कॅमशाफ्ट बसवलेले हेड सपाट पृष्ठभागावर पालथे ठेवायचे नाही. उघडे व्हॉल्व्ह हेडच्या खालच्या पातळीबाहेर डोकावत असतात आणि हेडचे सारे वजन त्यांच्यावर येते. दोन टोकांना लाकडी ठोकळे ठेवून काम भागते, पण ते ठेवायला विसरणारेही असतात.

फट मोजण्याचे काम कंटाळवाणे, पण टाळता न येण्यासारखे. फीलर गेजची पाती सरकवून इनलेटला चार हजारांश इंच आणि एक्झॉस्टला सहा हजारांश इंच फट मिळवायची असते. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर ०.१० आणि ०.१५. फट कमीजास्त निघाली, तर कॅमशाफ्ट पुन्हा उतरवून त्याखालची बटणाएवढी पोलादी चकती बदलायची. या चकत्या एका हजारांश इंचाच्या फरकाने मिळतात आणि त्यांवर इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. बारा व्हॉल्व्हसाठी हा उद्योग करताना अख्खा दिवस सहज जातो. तो आधीच उरकावा लागतो, कारण टायमिंग बसल्यानंतर एखादी चकती बदलायची म्हणजे सारे पुन्हा पहिल्यापासून करणे आले.

पहिला नंबर मागे!

टायमिंग बसवण्याची सुरुवात कॅमपासून नव्हे, क्रँकपासून होते. पिस्टन माथ्यावर आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचे काहीच खरे नाही. येथे जग्वारने नवख्यांसाठी एक गमतीदार खोडा घालून ठेवला आहे. बहुतेक कंपन्या सिलिंडर पुढून मोजतात. एक्सके इंजिनात मात्र पहिला सिलिंडर सर्वांत मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असतो आणि रेडिएटरजवळचा सहावा. कॅमशाफ्ट बसवताना हा पुढचा सहावा पिस्टन माथ्यावर हवा आणि तोही मिश्रण दाबण्याच्या स्ट्रोकला.

पहिला आणि सहावा पिस्टन नेहमी जोडीने वर येतात. एक दाबत असतो, तेव्हा दुसरा धूर बाहेर टाकून संपवत असतो. नुसते पिस्टनकडे पाहून दोघांतला फरक कळत नाही. यासाठी डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून आतला रोटर सहाव्या सिलिंडरच्या बाजूला वळलेला आहे ना, हे पाहावे लागते. क्रँक बरोबर, पण फेरा चुकीचा, अशी गफलत झाली तर व्हॉल्व्ह वाकणार नाहीत कदाचित, पण ठिणगी पूर्ण एका फेऱ्याने चुकेल आणि इंजिन कार्बोरेटरमधून शिंकत राहील.

माथा शोधण्याचे कामही दिसते तितके सोपे नाही. माथ्याजवळ पिस्टन जवळपास थबकलेला असतो. या इंजिनाच्या मापांवरून हिशेब केला, तर क्रँक माथ्यापासून पाच अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम पाव मिलिमीटर खाली उतरतो. प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून बोटाने अंदाज घेणाऱ्याला हे पाच अंश कळणारच नाहीत. क्रँकच्या पुढच्या टोकावरील डॅम्परवर खूण असते, पण डॅम्परची बाहेरची कडी आतल्या भागाला रबराने जोडलेली असते. पन्नास-साठ वर्षांत ते रबर सैल होऊन कडी सरकलेली असू शकते. मग खूण आपल्या जागी दिसते, पण माथा भलतीकडेच असतो.

म्हणून जाणकार कारागीर खुणेवर विश्वास टाकण्यापूर्वी तिची परीक्षा घेतात. अंशांच्या खुणा असलेली चकती क्रँकला लावायची, प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा अडसर बसवायचा आणि क्रँक एका बाजूने अडेपर्यंत अलगद फिरवून आकडा टिपायचा. मग उलट बाजूने फिरवून दुसरा आकडा घ्यायचा. दोहोंचा मध्य म्हणजे खरा माथा. पिस्टन कोठे थबकतो हे शोधण्यापेक्षा तो कोठे वेगाने हलतो तेथे मोजून मध्य काढणे अधिक अचूक, हे साधे तत्त्व त्यामागे आहे. अर्थात, हे काम हेड चढवण्यापूर्वी, पिस्टन उघडे असतानाच डायल गेजने उरकले तर उत्तमच. हेड चढल्यावर आणि व्हॉल्व्ह जागेवर आल्यावर क्रँक असा मागेपुढे फिरवणे धोक्याचे असते.

हेड खाली उतरवण्याचा क्षणही जपण्याचा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक पाव फेरा वळवला की चारही पिस्टन अर्ध्यावर येतात आणि कारागीर निश्चिंत होतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात ही सोय नाही. क्रँक कोठेही थांबवला तरी सारे पिस्टन एकाच वेळी अर्ध्यावर येत नाहीत. त्यामुळे येथे सुरक्षित मार्ग ठरलेला आहे. क्रँक आधी सहाव्याच्या माथ्यावर, दोन्ही कॅमशाफ्ट आपापल्या जागी आणि मगच हेड खाली.

खाच, गेज आणि एक दातेरी चकती

कॅमशाफ्टची 'आपली जागा' कळावी कशी? कंपनीने त्यासाठी फार साधी युक्ती केली. प्रत्येक कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाजवळ एक खाच कापलेली असते. हेडच्या वरच्या सपाट कडेवर टेकवायचा धातूचा एक छोटा गेज मिळतो. त्याची जीभ या खाचेत नेमकी बसली की कॅमशाफ्ट हेडच्या कडेशी काटकोनात आला, म्हणजेच योग्य जागी आला, असे समजायचे. त्या वेळी सहाव्या सिलिंडरचे दोन्ही फुगवटे वरच्या अंगाला, एकमेकांकडे पाठ फिरवून बाहेर पाहत असतात. गेज हाताशी नसेल तरी नुसत्या नजरेने एवढी खातरजमा करता येते.

यानंतर वरच्या चेनचा ताण. मधल्या एका विकेंद्री स्प्रॉकेटने तो कमीजास्त करता येतो. चेन तारेसारखी ताठ नको आणि लोंबणारीही नको. दोन्ही स्प्रॉकेटच्या खाली बाहेरच्या बाजूला बोटाने दाबल्यावर ती किंचित लवली पाहिजे. हे टायमिंगच्या आधीच करावे लागते. ताण बदलला की कॅमची जागाही बदलते.

खरा कस लागतो तो चेन आणि कॅमशाफ्ट यांना एकमेकांशी जोडताना. गेज खाचेत बसलेला, क्रँक माथ्यावर आणि चेन ताणलेली. आता स्प्रॉकेटची भोके कॅमशाफ्टच्या भोकांसमोर येतीलच असे नाही, किंबहुना ती बहुधा येतच नाहीत. हेड घासून सपाट केले असेल तर क्रँक आणि कॅम यांच्यातले अंतर कमी झालेले असते. चेन नवी की जुनी, यावरही फरक पडतो. स्प्रॉकेट एका दाताने सरकवावे तर वीस अंशांहून मोठी उडी पडते. मग मधले अंश मिळवायचे कसे?

जग्वारच्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा आजही कौतुक वाटावा असा आहे. स्प्रॉकेटच्या पोटात बारीक दात असलेली एक वेगळी चकती बसते. स्प्रॉकेट चेनमध्ये जसे आहे तसे ठेवायचे, ही चकती बाहेर ओढायची, थोडी फिरवायची आणि भोके जुळतील अशा बेताने पुन्हा आत सारायची. तरीही भोके केसभर चुकली तर चकती अर्धा फेरा उलटवायची. तिची रचना अशी आहे की उलटवल्यावर भोके दातांच्या तुलनेत किंचित वेगळ्या जागी येतात आणि अडलेली जोडी बहुधा जुळते. गेज खाचेतून तसूभरही न हलता!

आधी कोणता कॅमशाफ्ट? समोरून पाहता इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. चेन ज्या बाजूने खाली ओढली जाते त्या बाजूला एक्झॉस्टचा कॅमशाफ्ट आहे. त्यामुळे आधी एक्झॉस्ट, मग इनलेट, हा क्रम तर्काला धरून आहे. चेनमधला सारा ढिलेपणा ओढणाऱ्या बाजूकडून काढून टाकता येतो. क्रँक माथ्याच्या पुढे गेला, तर नुसता तेवढाच मागे आणायचा नाही. बराच मागे नेऊन पुन्हा फिरण्याच्या दिशेनेच माथ्यावर आणायचा. नाहीतर चेनचा झोल मोजमापात शिरतो. अर्थात, कॅमशाफ्ट चेनला जोडलेले नसताना हा प्रयोग करायचा नाही, हे सांगणे न लगे.

येथे आणखी एक धास्ती असते, ती तांत्रिक कमी आणि हातांची अधिक. चकती जागेवर ठेवणारी सर्क्लिप आणि स्प्रॉकेटचे बोल्ट ज्या जागी बसवायचे, त्याच्या थेट खाली चेनची उघडी विहीर असते. हातातून निसटलेला बोल्ट सरळ खाली जातो. नशीब असेल तर चुंबकाने वर येतो, नसेल तर ऑइलचे संप उतरवावे लागते. सराईत माणूस आधी त्या तोंडात स्वच्छ फडके कोंबतो. आणि मग ते फडके काढायला विसरू नये म्हणून त्याचे टोक बाहेर लोंबकळत ठेवतो.

पहिला फेरा

प्रत्येक स्प्रॉकेटला दोन बोल्ट असतात. क्रँक माथ्यावर असताना त्यांतल्या एकाच भोकापर्यंत पान्याला पोहोचता येते. एकेक बोल्ट लावायचा आणि दुसरे भोक वर येईपर्यंत इंजिन फिरवायचे. म्हणजे सारे व्हॉल्व्ह, सारे पिस्टन पहिल्यांदाच एकमेकांच्या तालावर हलणार ते येथे. आतापर्यंतच्या कामात चूक असेल तर ती या फेऱ्यात उघडी पडते.

या फेऱ्यासाठी स्टार्टर वापरत नाहीत. प्लग काढून ठेवायचे, म्हणजे सिलिंडरमधला दाब आड येत नाही, आणि क्रँकच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवायचे. इंजिन नव्या रिंगांमुळे जड असते, पण हा जडपणा एकसारखा असतो. धातूला धातू टेकला की हाताला कळते. अचानक, टणक अडथळा लागतो. अशा वेळी जोर लावायचा नाही, थांबायचे आणि मागे यायचे. हाताच्या जोराने हलकेच टेकलेला व्हॉल्व्ह वाचू शकतो, पण 'थोडे अडतेय, जाईल पुढे' म्हणून दिलेला एक झटका त्याला वाकवायला पुरेसा ठरतो. व्हॉल्व्ह वाकला आहे हे बाहेरून दिसतही नाही. सारे बांधून झाल्यावर एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन शून्य निघते आणि हेड पुन्हा खाली उतरते.

फेरा निर्विघ्न पार पडला की उरलेले दोन बोल्ट लागतात. मग क्रँकचे पूर्ण दोन फेरे देऊन पुन्हा सहाव्याचा माथा, पुन्हा रोटर, पुन्हा गेज. जीभ दोन्ही खाचांत पूर्वीसारखीच अलगद बसली पाहिजे. चेनचा ताणही पुन्हा पाहायचा. समाधान झाले की चारही बोल्टच्या डोक्यांतून नवी तार ओवून त्यांना पीळ देऊन बांधायचे. जुनी तार पुन्हा वापरणे म्हणजे पाच रुपयांसाठी लाखाचा माल पणाला लावणे.

गेज खरा की अंशांची चकती?

येथे कारागिरांमध्ये दोन पंथ आहेत. एका पंथाच्या मते कंपनीने खाच आणि गेज दिला आहे, शंका कशाला घ्यायची? कारखान्यात हजारो इंजिने याच पद्धतीने बांधली गेली. मूळ कॅमशाफ्ट असेल, तर हे म्हणणे रास्तच आहे. दुसरा पंथ म्हणतो, खाच कॅमशाफ्टच्या टोकाशी आहे, व्हॉल्व्ह उघडतो तो फुगवट्याने. फुगवटे घासून पुन्हा घडवलेले असतील किंवा कॅमशाफ्ट वेगळ्याच आकाराचा असेल, तर खाचेचा आणि फुगवट्याचा संबंध पूर्वीसारखाच राहिला आहे याची हमी कोण देणार?

शंका असेल तेव्हा दुसऱ्या पंथाचे ऐकलेले बरे. पद्धत कठीण नाही. क्रँकला अंशांची चकती, व्हॉल्व्हच्या बकेटवर डायल गेजचे टोक. व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याआधी एका ठरावीक उंचीला किती अंश आणि नंतर त्याच उंचीवर परतताना किती अंश, हे टिपायचे आणि मध्य काढायचा. माथा शोधतानाचेच तत्त्व पुन्हा. १७ आणि ५९ या आकड्यांवरून हा मध्य इनलेटसाठी माथ्यानंतर १११ अंशांवर आणि एक्झॉस्टसाठी माथ्याआधी १११ अंशांवर यायला हवा. एक-दोन अंशांचा फरक रस्त्यावरच्या मोटारीत जाणवत नाही. पाच-सहा अंश निघाले, तर पुन्हा ती दातेरी चकती बाहेर काढायची.

थेट 'व्हॉल्व्ह केव्हा उघडतो' हे मोजू पाहणाऱ्यांची बहुधा फसगत होते. व्हॉल्व्ह सुरुवातीला इतक्या हळू हलतो की तो सुटण्याचा क्षण पकडता येत नाही. शिवाय कंपनीचे १७-५९ हे आकडे तपासायचे, तर फट तात्पुरती दहा हजारांश इंच ठेवावी लागते. नेहमीच्या फटीवर मोजले तर आकडे जुळत नाहीत आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो.

कॉव्हेंट्रीपासून मुंबईपर्यंत

नव्या मोटारींत हा सारा खटाटोप संगणकाकडे गेला. इंजिन चालू असतानाच कॅमशाफ्ट तेलाच्या दाबाने मागेपुढे सरकतो आणि प्रत्येक वेगाला साजेसे टायमिंग आपोआप मिळते. खुद्द जग्वार २००८ मध्ये फोर्डकडून टाटा मोटर्सच्या ताब्यात आली आणि कॉव्हेंट्रीच्या या वारशाची सूत्रे मुंबईकडे आली. पुढे २०२१ मध्ये जग्वार पूर्णतः विद्युत मोटारींकडे वळणार असल्याचे जाहीर झाले. विद्युत मोटारीत कॅमशाफ्टच नसतो! दुसरीकडे त्याच कंपनीने जुन्या मोटारींच्या डागडुजीसाठी कॉव्हेंट्रीजवळ २०१७ मध्ये स्वतंत्र कार्यशाळा उघडली आणि ई-टाइपच्या साठीनिमित्त २०२१ मध्ये सहा जोड्या नव्याने सजवल्या. पुढे पाहणारी कंपनी मागचा पसारा तितक्याच निगुतीने सांभाळते आहे, हे विरोधाभासी वाटले तरी त्यामागे व्यवहार आहे. आज चांगल्या ई-टाइपची किंमत अनेक नव्या मोटारींहून अधिक असते.

अडचण आहे ती हातांची. सुटे भाग मिळतात, कॅमशाफ्ट नवे बनतात, गेज तर पोस्टाने घरपोच येतो. पाना किती जोराने अडला म्हणजे थांबायचे, हे मात्र कोणत्याही पुस्तकात अंशांत लिहिलेले नाही. ते ज्यांना कळते त्यांच्यातले अनेक आता निवृत्तीच्या वयाचे झाले आहेत.

तार बांधून झाली की विहिरीतले फडके काढले जाते. कॅमच्या फुगवट्यांवर आणि बेअरिंगवर भरपूर ऑइल ओतले जाते. प्लग न लावताच स्टार्टर फिरवून ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत वाट पाहिली जाते, कारण कोरड्या कॅमशाफ्टवर पहिली काही मिनिटेही भारी पडतात. मग प्लग, मग वायर, एकापाठोपाठ १-५-३-६-२-४ या क्रमाने तपासून. चकाकणारी दोन झाकणे चढतात, त्यांच्या घुमटाकार नटांवर शेवटचा हात फिरतो. खाच आता दिसत नाही. पुढच्या वेळी इंजिन खोलले जाईल, तेव्हाच ती पुन्हा दिसेल.